जुन्या फिल्मवरील धूळ आणि चरे : डिजिटल फुटेज स्वच्छ करण्याची रीत

सुपर आठ या 8 मिलिमीटर रुंदीच्या घरगुती फिल्मची एक फ्रेम जेमतेम 5.8 मिलिमीटर रुंद असते. तिच्यावर 0.05 मिलिमीटरचा, म्हणजे एखाद्या बारीक केसाच्या जाडीचा, कण बसला आणि ती 2048 पिक्सेल रुंदीवर स्कॅन झाली, तर तो कण पडद्यावर सुमारे 18 पिक्सेलचा ठिपका होऊन उमटतो. हाच कण 16 मिलिमीटरच्या फिल्मवर असता तर दहा पिक्सेलांत आटोपला असता, आणि 35 मिलिमीटरच्या फिल्मवर तो सहसा कुणाच्या ध्यानातही आला नसता. घरगुती फुटेज व्यावसायिक फुटेजपेक्षा मळके दिसते त्याचे एक मोठे कारण हे साधे गणित आहे.

पुढील विवेचन ज्यांच्याकडे 8 किंवा 16 मिलिमीटरची घरगुती रिळे डिजिटल स्वरूपात आली आहेत, किंवा लवकरच यायची आहेत, त्यांच्यासाठी आहे. उदाहरणादाखल एकच रीळ नजरेसमोर ठेवले आहे : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीचे. गर्दी, गुलाल, फटाके, बडग्यांच्या (सोबतच्या पुरुषी पुतळ्यांच्या) हातातील फलक, काळी मारबत आणि पिवळी मारबत हे सारे एका फ्रेममध्ये आले की सफाई करणाऱ्या सॉफ्टवेअरची खरी परीक्षा होते, कारण अशा दृश्यात घाण आणि चित्र यांच्यातला फरक सांगणे यंत्राला फार कठीण जाते.

स्कॅनआधीची सफाई

जी धूळ फिल्मवरून प्रत्यक्ष पुसता येते ती संगणकावर काढत बसण्यात अर्थ नाही, म्हणून रीळ अजून हाताशी असेल तर सुरुवात तिथूनच करावी. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर फिल्मच्या अ‍ॅसिटेट बेसचे, म्हणजे चित्राचा थर पेलणाऱ्या पारदर्शक पट्टीचे, विघटन सुरू झाले आहे असे समजावे. हे विघटन उष्णतेने वाढते आणि त्यातून सुटणारे अ‍ॅसेटिक आम्ल त्याला आणखी वेग देते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात छपराखालच्या माळ्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. अशी फिल्म आकसते, तिची छिद्रे प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळेनाशी होतात, आणि ‘एकदा चालवून तर पाहू’ या हौसेपायी छिद्रे फाटून नवे चरे पडतात. आकसलेले रीळ प्रोजेक्टरवर कधीही चढवू नये. ज्या स्कॅनरमध्ये फिल्म दात्यांऐवजी गुळगुळीत रोलरांवरून ओढली जाते, अशाच स्कॅनरवर ते द्यावे आणि तोवर निरोगी रिळांपासून वेगळे ठेवावे.

दुसरा शत्रू बुरशीचा. इमल्शनमधील, म्हणजे चित्राच्या थरातील, जिलेटिन हे बुरशीचे आवडते अन्न आहे, आणि पावसाळ्यातील दमट हवा तिला पुरेशी असते. मात्र आपल्याकडे पावसाळा संपल्यावरही धोका टळत नाही. उन्हाळ्यात ज्या खोलीत दिवसरात्र कूलर चालतो त्या खोलीची हवाही चांगलीच ओलसर असते, त्यामुळे घरातली माणसांना सर्वांत सुखाची खोली फिल्मला सर्वांत घातक ठरते. बुरशी लागलेले रीळ हाताळताना मास्क आणि हातमोजे वापरावेत, आणि त्याला पाणी मुळीच लावू नये, कारण बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्रच निघून येते.

सफाईसाठी दोन हाताचे रिवाइंडर, धागे न सुटणारे मऊ कापड आणि 99 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे साहित्य घरगुती कामाला पुरते. कापड किंचित ओलसर करून त्याच्या घडीतून फिल्म सावकाश ओढावी, घडी वरचेवर बदलावी आणि द्रव पूर्ण उडून गेल्यावरच फिल्म गुंडाळावी. घडी बदलली नाही तर कापडात अडकलेली वाळू पुढची सबंध फिल्म खरवडत जाते. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. ध्वनीची चुंबकीय पट्टी असलेल्या फिल्मवर आधी शेवटच्या कोऱ्या भागावर चाचणी घ्यावी. फार कोरड्या हवेत फिल्म गुंडाळताना तिच्यावर स्थिर विद्युतभार साचतो आणि पुसलेली धूळ पुन्हा चिकटते, म्हणून हे काम ऐन उन्हाळ्यात किंवा ऐन पावसाळ्यात न करता दसऱ्यानंतरच्या दिवसांत करणे बरे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. 8 आणि 16 मिलिमीटरच्या फिल्म सुरुवातीपासूनच सुरक्षित बेसवर बनत आल्या. परंतु 1950 च्या सुमाराच्या आधीची 35 मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची असू शकते, आणि नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही असते. असे रीळ सापडले तर ते घरी साफ करण्याच्या भानगडीत न पडता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या जाणत्या संस्थेचा सल्ला घ्यावा.

स्कॅन करून घेताना काय मागावे

स्कॅन करणाऱ्याला चार गोष्टी स्पष्टपणे सांगाव्यात. फिल्मची एक फ्रेम म्हणजे फाइलमधली एकच फ्रेम असली पाहिजे. फ्रेमच्या कडा आणि शक्य तर छिद्राचा काही भागही चित्रात आला पाहिजे. रंगखोली प्रत्येक रंगासाठी किमान 10 बिट असावी. आणि स्कॅनरमधील धूळ काढण्याची, चित्र धारदार करण्याची किंवा ग्रेन (फिल्मचा बारीक दाणेदारपणा) कमी करण्याची कोणतीही सोय सुरू नसावी. धारदार करण्याची सोय विशेष त्रासदायक असते, कारण ती प्रत्येक कणाभोवती पांढरी कड काढते, आणि पुढे कण निघाला तरी कड मागे राहते.

प्रकाशाबद्दलही विचारावे. विखुरलेल्या, मऊ प्रकाशात बेसच्या बाजूचे बारीक चरे बरेचसे अदृश्य होतात. एकाच दिशेने येणाऱ्या कडक प्रकाशात तेच चरे ठसठशीत उमटतात. याच तत्त्वाचे पुढचे पाऊल म्हणजे वेट गेट. चऱ्याच्या खाचेत हवा असते म्हणून प्रकाश तिथे वाकतो. फिल्म ज्या क्षणी स्कॅन होते त्या क्षणी खाच जवळपास बेसइतक्याच अपवर्तनांकाच्या द्रवाने भरली, तर प्रकाश सरळ जातो आणि चरा दिसतच नाही. यासाठी वापरले जाणारे परक्लोरोएथिलीन विषारी आहे, त्यामुळे हा प्रयोग योग्य यंत्रणा असलेल्या प्रयोगशाळेतच व्हावा. काही स्कॅनर अवरक्त प्रकाशात वेगळे चित्र घेऊन धुळीचा नकाशा तयार करतात. रंगीत फिल्मचे रंग अवरक्त प्रकाशाला पारदर्शक असतात आणि धूळ नसते, हे त्यामागचे तत्त्व आहे. कृष्णधवल फिल्मवर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे चित्रच चांदीचे असते आणि चांदी अवरक्त प्रकाशही अडवते. कोडाक्रोम या रंगीत फिल्मवरही ती बेभरवशाची ठरते.

जागेचा अंदाज आधीच घ्यावा. सुपर आठच्या 50 फुटांच्या रिळात 3600 फ्रेम्स असतात, ज्या सेकंदाला 18 फ्रेम्सच्या वेगाने 3 मिनिटे 20 सेकंद चालतात. 2048 बाय 1536 पिक्सेलची 16 बिटांची एक टिफ फाइल सुमारे 19 मेगाबाइटची, म्हणजे अख्खे रीळ सुमारे 68 गिगाबाइटचे. दहा रिळांचा ऐवज असेल तर हार्ड डिस्कची खरेदी सॉफ्टवेअरच्या आधी करावी.

दोष कुठला, हे आधी ओळखावे

घरगुती 8 मिलिमीटरची फिल्म बहुधा रिव्हर्सल असते, म्हणजे कॅमेऱ्यात गेलेली फिल्मच धुऊन पॉझिटिव्ह होऊन परत येते. तिच्यावर बसलेली धूळ प्रकाश अडवते, म्हणून ती काळी दिसते. पांढरा ठिपका दिसला तर तिथे इमल्शनच उडाले आहे असे समजावे. निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटमध्ये मात्र दोन्ही रंगांची धूळ आढळते : काळी ती प्रिंटवरची, आणि पांढरी ती छपाईच्या वेळी निगेटिव्हवर असलेली. ही पांढरी धूळ चित्रात कायमची छापली गेलेली असते, त्यामुळे प्रिंट कितीही पुसली तरी ती जात नाही.

चऱ्यांचेही असेच आहे. बेसच्या बाजूचा चरा प्रकाश विखुरतो म्हणून काळपट दिसतो, तर इमल्शनच्या बाजूचा चरा उजळ किंवा रंगीत दिसतो. रंगीत रिव्हर्सल फिल्ममध्ये वरच्या थरात पिवळा, मधल्या थरात मॅजेंटा (किरमिजी) आणि खालच्या थरात सायन (हिरवट निळा) रंग असतो. चरा वरच्या थरापुरताच गेला तर पिवळा रंग नाहीसा होऊन तिथे निळी रेघ उमटते. आणखी खोल गेला तर सायन, आणि तळापर्यंत गेला तर पांढरी. पिवळ्या मारबतीच्या चेहऱ्यावर निळी रेघ दिसली तर ती म्हणूनच पांढऱ्या रेघेपेक्षा शुभवर्तमान समजावी, कारण लाल आणि हिरव्या चॅनलमध्ये चित्र अजून शाबूत असते. सिनेमागृहात चालणाऱ्या पॉझिटिव्ह प्रिंटमध्ये थरांचा क्रम वेगळा असतो, वरचा थर मॅजेंटाचा असतो, आणि म्हणून तिथे पहिली रेघ हिरवी दिसते.

वेळेच्या अंगानेही दोष ओळखावेत, कारण पुढची सगळी कारागिरी त्यावरच उभी आहे. सुटा कण एकाच फ्रेममध्ये असतो आणि पुढच्या फ्रेममध्ये नसतो. प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म जिच्यामागून सरकते त्या खिडकीत, अडकलेल्या खड्याने पाडलेला उभा चरा शेकडो फ्रेम्समध्ये त्याच जागी राहतो. कॅमेऱ्याच्या गेटमध्ये अडकलेला केस फ्रेमच्या कडेला, एकाच ठिकाणी, थरथरत पुष्कळ वेळ दिसतो. धुलाईच्या वेळचे पाण्याचे डाग आणि बुरशीची जाळी सलग अनेक फ्रेम्सवर पसरतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये आकार बदलतात.

फ्रेमचा वेग : इथे बहुतेकांचे काम बिघडते

धूळ काढणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुळात एकच प्रश्न विचारते : हा ठिपका मागच्या फ्रेममध्ये होता का, पुढच्या फ्रेममध्ये आहे का? दोन्ही उत्तरे नकारार्थी आली तर तो कचरा. ही कसोटी चालण्यासाठी फाइलमधली प्रत्येक फ्रेम ही फिल्मवरची एक स्वतंत्र फ्रेम असणे अनिवार्य आहे.

आता 16 फ्रेम्सच्या वेगाची रेग्युलर आठ (सुपर आठच्या आधीची 8 मिलिमीटरची) फिल्म 25 फ्रेम्सच्या व्हिडिओत बसवली असेल, तर दर सेकंदाला नऊ फ्रेम्स दुबार झालेल्या असतात. दुबार फ्रेमवरचा कण दोन फ्रेम्समध्ये दिसतो, सॉफ्टवेअर त्याला चित्राचा भाग मानते, आणि तो तसाच राहतो. यावर थ्रेशोल्ड (कण मानण्यासाठी लागणाऱ्या फरकाची मर्यादा) कमी-जास्त करून काहीही होत नाही. आधी दुबार फ्रेम्स काढून मूळ 16 फ्रेम्स परत मिळवाव्या लागतात, आणि त्यासाठी अ‍ॅव्हीसिंथ, व्हेपरसिंथ आणि एफएफएमपेग या मोफत साधनांमध्ये सोय आहे.

त्याहून बिकट अवस्था भिंतीवर प्रोजेक्टर लावून व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेल्या, मग व्हीएचएस कॅसेटवर आणि तिथून डीव्हीडीवर उतरवलेल्या फुटेजची असते. लग्नाच्या व्हिडिओच्या काळात अशी हस्तांतरे सर्रास झाली. हे काम करणाऱ्यांत जे जाणकार होते ते तीन पात्यांचे शटर असलेला प्रोजेक्टर सेकंदाला बरोबर 16⅔ फ्रेम्सवर चालवीत, म्हणजे सेकंदाला 50 उघडझापी होऊन त्या आपल्याकडील पाल या टीव्ही पद्धतीच्या 50 फील्डशी, म्हणजे अर्ध्या फ्रेम्सशी, जुळत. अशा फुटेजमध्ये फिल्मची एक फ्रेम तीन फील्ड व्यापते, आणि तो ठेका पकडून मूळ फ्रेम्स पुष्कळदा वेगळ्या करता येतात. परंतु वेग जुळवलेला नसेल तर शेजारच्या दोन फ्रेम्स एकमेकींत मिसळलेल्या असतात, प्रत्येक कणाची फिकट सावली दोन-तीन ठिकाणी पडलेली असते, आणि ती सोडवणे व्यवहारात अशक्य असते. मूळ रीळ कुठल्याही अवस्थेत शिल्लक असेल तर अशा डीव्हीडीवर तासभरही खर्च न करता रीळ पुन्हा स्कॅन करून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

कामाचा क्रम

मूळ स्कॅनची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून तिला नंतर कधीही हात लावू नये. कामाच्या प्रतीवर सर्वप्रथम छिद्राच्या आधारे फ्रेम्स एकसारख्या जागी आणाव्यात. मग लुकलुक कमी करावी, कारण उजेड फ्रेमगणिक बदलत असेल तर सॉफ्टवेअरला सबंध फ्रेमच मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा वेगळी भासते. त्यानंतर उभे चरे, त्यानंतर धूळ, त्यानंतर हाताने करायची दुरुस्ती. कॅमेरा धरणाऱ्याचा हात हलला म्हणून करायचे स्थिरीकरण, ग्रेन कमी करणे, रंगसुधारणा, आकार बदलणे आणि वेग बदलणे ही कामे याच क्रमाने शेवटी.

स्थिरीकरणाचे दोन भाग का केले, याचे कारण चऱ्यांमध्ये आहे. चरा फिल्मच्या कडेला समांतर असतो, म्हणून छिद्राच्या आधारे जुळवलेल्या चित्रात तो सरळ आणि जागच्या जागी राहतो. हाताचे हलणे काढले की चित्र स्थिर होते, पण चरा मात्र नागमोडी फिरू लागतो, आणि मग त्याला ओळखणारी साधने निकामी ठरतात.

धूळ काढणे

चांगले फिल्टर मागची आणि पुढची फ्रेम जशीच्या तशी वापरत नाहीत. ते फ्रेमचे 8 बाय 8 किंवा 16 बाय 16 पिक्सेलचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोन शेजारच्या फ्रेममध्ये कुठे सरकला ते शोधतात, आणि त्यानुसार दोन्ही शेजारच्या फ्रेम्स सरकवून चालू फ्रेमवर बसवतात. मग प्रत्येक पिक्सेलची तीन मूल्ये हाती येतात : मागचे, आताचे आणि पुढचे. आताचे मूल्य इतर दोन्हींपेक्षा ठरावीक मर्यादेपलीकडे गडद किंवा उजळ असेल तर त्या जागी तिन्हींतले मधले मूल्य बसवले जाते. अ‍ॅव्हीसिंथमधील रिमूव्हडर्ट आणि स्पॉटलेस ही साधने हालचाल शोधणाऱ्या एमव्हीटूल्सच्या जोडीने या पद्धतीने चालवता येतात; डाव्हिंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील स्वयंचलित धूळ-सफाईची सोय पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत मिळते. कुठलेही साधन निवडले तरी आतले तर्कशास्त्र याच घराण्यातले असते.

या तर्कशास्त्राची मर्यादा मारबतीच्या मिरवणुकीत लगेच उघडी पडते. फटाक्याची ठिणगी एकाच फ्रेममध्ये असते. उधळलेला गुलाल, कॅमेऱ्याजवळून झर्रकन गेलेला कावळा, आरोळी देताना वर झटकलेला हात, हे सारे 18 फ्रेम्सच्या वेगात इतके सरकते की सरकलेला चौकोन सॉफ्टवेअरला सापडतच नाही, आणि मग ते खुशाल कचरा म्हणून पुसले जाते. नागपुरातील सदर भागातल्या मैदानावरील जुन्या क्रिकेट सामन्याच्या फुटेजमध्ये चेंडूची हीच गत होते : गोलंदाज धावतो, फलंदाज बॅट फिरवतो, आणि चेंडू कुठेच नसतो.

यावर पहिला उपाय दोषाच्या रंगाचा. आपले रीळ रिव्हर्सल असेल तर धूळ काळी आहे हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून फिल्टरला फक्त गडद ठिपके काढण्यास सांगावे. अ‍ॅव्हीसिंथच्या डीस्पॉट या फिल्टरमध्ये अशी निवड करता येते. एवढ्याने सगळ्या ठिणग्या, चमकणारे दागिने आणि पितळी ताशांवरची तिरीप वाचते. दुसरा उपाय आकाराचा : आपल्या फुटेजमधील दहा-वीस कण मोजून पाहावेत आणि त्याहून मोठ्या कशालाही हात लावू नये अशी मर्यादा फिल्टरला घालावी. वर सांगितलेले 18 पिक्सेलचे गणित इथे कामी येते. तिसरा उपाय मास्कचा. दृश्यात खूप हालचाल असलेला भाग, उदाहरणार्थ ताशेवाल्यांचे हात, मास्कने झाकून तिथे फिल्टर अगदी सौम्य ठेवावा किंवा बंदच करावा. आकाश, भिंती आणि रस्ता इथे तो कडक चालला तरी बिघडत नाही, आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांना खुपणारी धूळ बहुतांशी अशा सपाट भागांवरचीच असते.

एकच सेटिंग सबंध रिळावर चालवू नये. रिळाचे शॉट पाडावेत आणि प्रत्येक शॉटला त्याच्या स्वभावाप्रमाणे सेटिंग द्यावी. शॉट पाडण्याचा आणखी एक फायदा असा की प्रत्येक शॉटच्या पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमची वेगळी यादी तयार होते. पहिल्या फ्रेमला मागचा शेजारी नसतो आणि शेवटच्या फ्रेमला पुढचा, म्हणून या फ्रेम्सवर फिल्टर एक तर काही करत नाही किंवा भलतेच करतो. त्या हातानेच साफ कराव्या लागतात. घरगुती कॅमेऱ्यांमध्ये बटण दाबताच मोटार वेग घेईपर्यंतची पहिली फ्रेम पुष्कळदा जास्त उजळलेली असते. ती दोष म्हणून काढायची की कॅमेऱ्याची खूण म्हणून ठेवायची, हे ज्याचे रीळ आहे त्याने ठरवावे. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे.

उभे चरे

चऱ्याला वेळेची कसोटी लागू पडत नाही, कारण तो मागच्या आणि पुढच्या फ्रेममध्येही त्याच जागी असतो. इथे दुरुस्ती त्याच फ्रेममधून, चऱ्याच्या डाव्या-उजव्या पिक्सेलांवरून करावी लागते. अ‍ॅव्हीसिंथच्या डीस्क्रॅच या फिल्टरला चऱ्याची कमाल रुंदी, किमान लांबी, उभ्या रेषेपासूनचा तिरकेपणा आणि तो काळा की पांढरा हे सांगता येते. काढलेल्या रेघेतील मूळ तपशिलाचा काही टक्के भाग राखण्याचीही त्यात सोय आहे, आणि ती वापरल्याने दुरुस्तीची जागा चिकट, गुळगुळीत दिसत नाही.

अडचण अशी की विजेचा खांब, मंडपाची काठी, दाराची चौकट आणि नऊवारीच्या निऱ्याही उभ्या रेषाच असतात. यांतून चरा वेगळा काढण्याची खात्रीची कसोटी कॅमेऱ्याच्या हालचालीत आहे : कॅमेरा उजवीकडे वळला की खांब फ्रेममध्ये डावीकडे सरकतो, चरा मात्र फ्रेमच्या त्याच जागी राहतो. म्हणून शॉट सुरू करण्याआधी तो एकदा जलद चालवून पाहावा, चऱ्यांच्या जागा फ्रेमच्या डाव्या कडेपासून किती पिक्सेलवर आहेत ते लिहून घ्यावे, आणि फिल्टर तेवढ्याच अरुंद उभ्या पट्ट्यांपुरता चालवावा. आपोआप शोधून काढणाऱ्या साधनापेक्षा ही वहीत लिहिलेली यादी अधिक भरवशाची असते.

निळ्या रेघेची दुरुस्ती याहून सोपी आहे. फुटेजचे लाल, हिरवा आणि निळा हे तीन चॅनल वेगळे करून पाहावेत. रेघ फक्त निळ्या चॅनलमध्ये दिसत असेल तर फिल्टर फक्त निळ्या चॅनलवर चालवून तो पुन्हा इतर दोहोंशी जोडावा. चित्राचा बारीक तपशील मुख्यत्वे लाल आणि हिरव्या चॅनलमधून आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे निळ्यात थोडी गुळगुळीत जागा राहिली तरी ती सहसा कळत नाही. पांढऱ्या रेघेच्या बाबतीत तिन्ही थर गेलेले असतात. तिथे शेजारून उसने आणण्यावाचून गत्यंतर नसते, आणि ती रेघ एखाद्याच्या डोळ्यांवरून जात असेल तर हाताने काम करणे भाग पडते.

हाताने करायची दुरुस्ती

मोठे डाग, फ्रेमभर पसरलेला केस, चिकटपट्टीच्या जोडाच्या खुणा आणि शॉटच्या कडेच्या फ्रेम्स या हातानेच कराव्यात. रीत अशी की शेजारच्या फ्रेममधला तोच भाग उचलून, हालचालीनुसार सरकवून, मऊ कडेने डागावर बसवायचा. रिझॉल्व्हमधील डस्ट बस्टर हे काम डागाभोवती चौकट ओढून करते; नाहीतर फ्रेम्स चित्रांच्या रूपात काढून गिंपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्येही ते करता येते, फक्त वेळ जास्त लागतो. त्याच फ्रेममधून क्लोन करण्याचा मोह टाळावा. एका फ्रेममध्ये ते सफाईदार दिसते, पण फुटेज चालवताच ती जागा क्षणभर थरथरते, कारण तिथला तपशील मागच्या-पुढच्या फ्रेम्सशी जुळत नाही.

बुरशीची जाळी सलग फ्रेम्सवर असेल तर शेजारच्या फ्रेमचाही उपयोग नसतो. अशा शॉटमध्ये चेहरे आणि मारबतीची मूर्ती एवढेच दुरुस्त करून बाकीची जाळी तशीच सोडावी. चेहरे नव्याने रंगवून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांपासून मात्र इथे दूर राहावे. 8 मिलिमीटरच्या फ्रेममध्ये गर्दीतला चेहरा जेमतेम काही डझन पिक्सेलांचा असतो, त्यातून असे साधन नाकडोळे रेखीव करून देते खरे, परंतु ते नाकडोळे त्या माणसाचे नसतात, आणि घरच्या मंडळींना ते प्रथमदर्शनी जाणवते.

तपासणी

फिल्टरने काय काढले हे पाहण्याची उत्तम रीत म्हणजे मूळ फुटेजमधून साफ केलेले फुटेज वजा करून उरलेला फरक करड्या पार्श्वभूमीवर, आठ-दहा पट वाढवून पाहणे. या फरकाच्या फुटेजमध्ये फक्त ठिपके, धागे आणि रेघा दिसल्या तर काम नीट चालले आहे. त्यात हाताची बाह्यरेषा, पताकेची कड किंवा चेहऱ्याचा आकार दिसू लागला, तर फिल्टर चित्र खात आहे. त्या शॉटचा थ्रेशोल्ड वाढवून फिल्टर सौम्य करावा किंवा मास्क वाढवावा. ही तपासणी कंटाळवाणी असली तरी वगळू नये, कारण साफ झालेल्या फुटेजकडे नुसते पाहून काय नाहीसे झाले ते कळत नाही.

दुसरी तपासणी खऱ्या वेगात आणि मोठ्या पडद्यावर करावी. फ्रेम थांबवून पाहताना प्रत्येक कण खुपतो. 18 फ्रेम्सच्या वेगात त्यांतले निम्मे कुणाला दिसतही नाहीत, आणि त्यांच्यामागे लागून चित्राची धार घालवण्यात शहाणपण नाही. धूळ काढलेल्या जागी ग्रेन थोडे कमी झालेले असते. तो फरक डोळ्यांना जाणवत असेल तर शेवटी अगदी हलके ग्रेन सबंध फ्रेमवर घालावे.

16 मिलिमीटरच्या फिल्मवर प्रकाशीय ध्वनिपट्टी असेल तर तिच्यावरची धूळ आवाजात चरचर म्हणून ऐकू येते. चित्राची सफाई तिला लागू पडत नाही. ती ध्वनी वेगळा काढून ध्वनीच्याच साधनांनी करावी लागते.

काय जपून ठेवावे

काम संपल्यावर तीन गोष्टी ठेवाव्यात : न साफ केलेला मूळ स्कॅन, साफ केलेली पूर्ण दर्जाची प्रत, आणि घरच्यांना पाहण्यासाठीची छोटी प्रत. पहिल्या दोन मात्रोस्का (एमकेव्ही) फाइलमध्ये एफएफव्ही1 या आकार लहान करणाऱ्या पद्धतीने ठेवल्या तर जागा वाचते आणि एका पिक्सेलचाही तपशील जात नाही. ही पद्धत खुली आहे, आणि 2021 मध्ये तिचे अधिकृत तांत्रिक वर्णनही प्रसिद्ध झाले आहे. मूळ स्कॅन ठेवणे यासाठी आवश्यक की काही वर्षांनी याहून चांगली साधने आली तर त्यांना साफ केलेल्या प्रतीतून काहीच मिळणार नाही.

पाहण्याच्या प्रतीचा वेग शक्यतो मूळ 16 किंवा 18 फ्रेम्सच ठेवावा; संगणक आणि मोबाइल तो विनातक्रार चालवतात. एखाद्या जुन्या टीव्हीला 25 फ्रेम्सच हव्या असतील, तर त्या बनवण्याचे काम याच शेवटच्या टप्प्यावर, या छोट्या प्रतीपुरतेच करावे. प्रत्येक फाइलसोबत एक साधी मजकूर-फाइल असावी, आणि तिच्यात फिल्मचा प्रकार, डब्यावरचा मूळ मजकूर जसाच्या तसा, स्कॅनचा आकार, शॉटनिहाय फिल्टरच्या सेटिंग आणि हाताने दुरुस्त केलेल्या फ्रेम्सचे क्रमांक लिहावेत. रीळ स्वतः टाकून देऊ नये. ते हवा खेळती राहील अशा प्लास्टिकच्या डब्यात, कूलर नसलेल्या आणि छपराला न लागणाऱ्या खोलीत, जमिनीपासून थोडे उंच, आडवे ठेवावे, आणि दर वर्षी पावसाळा संपल्यावर डबा उघडून वास घेऊन पाहावा.